बेटावरचे सिमेंटचे पत्रे

तुमच्या शाळेला मध्येच सुट्टी मिळाली होती, ते आठवत असेल. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घातलेली माणसं आली, खेळाच्या हॉलचं छप्पर भिजवून अलगद उतरवलं आणि तुम्ही मला फोनवर विचारलंत, "आजी, ॲस्बेस्टॉस म्हणजे काय?" मी पुस्तकी उत्तर दिलं. एक खनिज, त्याचे तंतू केसाहून बारीक, श्वासाबरोबर छातीत शिरतात आणि तिथेच राहतात. फोन ठेवला आणि सहज वर पाहिलं. मी गोठ्यात बसले होते, कारण रेंज तिथेच येते. वर तेच होतं.

आपल्याकडे त्याला ॲस्बेस्टॉस कुणी म्हणत नाही. सिमेंटचे पत्रे म्हणतात. लोखंडी पत्र्यासारखे तापत नाहीत म्हणून तुमच्या आजोबांनी ते हौसेने आणले आणि गोठ्यात उजेड वाटावा म्हणून आतून निळा ऑइलपेंट दिला. आपलं शेत गोदावरीच्या दोन धारांमधल्या बेटावर. पावसाळ्यात होडीशिवाय जाणं-येणं नाही. असा कचरा कोण नेतं याची मी गेवराईला चौकशी केली, बीडलाही केली. वाळू न्यायला नदीत हवी तेवढी वाहनं उतरतात; पत्रे न्यायला एक मिळेना. शेवटी ठरवलं, बेटाच्या उंचवट्यावर, जिथे पूर कधी चढलेला नाही, तिथे खोल खड्डा घेऊन ते पुरायचे.

हे काम मी माझ्या धाकट्या दिरांवर सोपवलं. मी लग्न होऊन आले तेव्हा ते अर्ध्या चड्डीत होते. त्यांचं इंग्रजी मी चुलीपुढे बसवून पक्कं करून घेतलं. मी मिळवलेली सगळी माहिती घरात त्यांनाच नीट कळली. पत्रा फोडायचा नाही, कापायचा नाही, पाणी मारत राहायचं, दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं. त्यांनी शंकाही शहाण्यासारख्या विचारल्या. तेवढ्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, म्हणून तुमच्या आजोबांच्या वर्षश्राद्धाचं दानही त्यांच्यावरच सोपवलं. निघताना ते म्हणाले, "वैनी, तुमी निर्धास्त जावा. मी हाय ना."

परत आले तर गोठ्यावर नवे लोखंडी पत्रे आणि उंचवट्यावर माती चोपून बसवलेली. तुम्हाला मी केवढ्या अभिमानाने कळवलं होतं, की आपल्या बेटावरचं विष गेलं.

पावसाळाभर आपल्या शेतात राबणारं एक मजुराचं कुटुंब दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातं. यंदा त्यांची सून तिकडेच फडावर बाळंत झाली. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती माणसं परतली आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी एक खोली उभी केली. मुलीच्या लांबलेल्या बारशाला मी गेले. बायका पाळणा म्हणत होत्या. मी बाळाला घुगऱ्यांच्या ताटाशेजारी मांडीवर घेतलं आणि वर पाहिलं.

निळं छप्पर.

"बगताय काय माई, तुमचेच हायेत," बाळाची आजी हसत म्हणाली. "मोठ्या मालकाच्या वर्षश्राद्धाचं दान म्हून धाकल्या मालकांनी दिले. तुमच्या नावानं. लई पुण्य लागंल तुमाला. जरा लांब व्हते, मग पोरानं करवतीनं कापले. धूळ तर अशी उडाली म्हनता! पोरगी दिसभर खोकत व्हती."

बारशात अशुभ बोलू नये. मी बाळाच्या कपाळाला हात लावला आणि बाहेर पडले.

दीर ओसरीवर चहा घेत होते.

"भाऊजी, खड्ड्यात काय पुरलंत?"

"फुटके तुकडे. चांगले पत्रे कुनी मातीत घालतं का, वैनी? गाव हसलं असतं. आन श्राद्धाला कायतरी द्यायचंच व्हतं. त्या बिचाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर आलं."

"मी वाचून दाखवलं ते खोटं वाटलं तुम्हाला?"

"न्हाई हो. कावून खोटं वाटंल? माज्या घरावरचे बी काढलेच की मी."

"ते कुठे गेले?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. "त्यांच्या चुलीच्या आडोशाला."

बाळांनो, त्यांना कळलं नसतं तर मी चिडले असते, ओरडले असते आणि विसरले असते. पण त्यांनी माझा शब्दन् शब्द खरा मानला होता. म्हणून तर स्वतःची नातवंडं त्याखालून आधी बाहेर काढली. आणि उरलेलं माझ्या नावाने, तुमच्या आजोबांच्या पुण्याईसाठी, दुसऱ्याच्या नातीवर ठेवलं.

दिलेलं दान परत मागायची आपल्याकडे रीत नाही. ते परत घेणं म्हणजे गेलेल्या माणसाला ताटावरून उपाशी उठवणं, असं मानतात. दुसऱ्या दिवशी मी तेच मागायला गेले. का, ते सगळं सांगितलं. बाळाच्या आजीने ऐकून घेतलं. चेहऱ्यावरचं कालचं हसू कुठेच नव्हतं.

"म्हंजे तुमी तुमच्या घरचे काढले, आन आमाला दिले?"

मला ठाऊक नव्हतं, असं मी म्हणाले. खरं होतं ते. पण दान माझ्या नावाचं होतं, आणि ती माझ्याकडेच बघत होती.

आपल्या गोठ्यावरचे लोखंडी पत्रे मी त्यांच्या खोलीसाठी उतरवून दिले. गुरं झाडाखाली बांधली. सिमेंटचे पत्रे काढताना बाळाला आपल्या घरी ठेवा म्हटलं, तर त्यांनी तिला नदीपलीकडे मावशीकडे धाडलं. तिच्या बापाने तोंडाला ओला पंचा बांधून पाणी मारत एकेक पत्रा उतरवला, चुलीजवळचेही काढले. करवतीची धूळ मात्र भिंतींत, गोधड्यांत, कुठे कुठे बसली असेल ते कोण सांगणार? जमीन आम्ही ओल्या फडक्याने पुसली, गोधड्याही गुंडाळून पुरायला काढल्या. दीर तिकडे फिरकले नाहीत.

खड्डा पुन्हा उघडला. प्लास्टिकच्या गुंडाळ्या खाली उतरल्या. ऊन चढत होतं, म्हणून मी बाळाच्या आजीला म्हटलं, "तू जा घरी, पुरून होईपर्यंत मी बघते."

"न्हाई माई," ती म्हणाली. "तुमी जावा. आमीच बगतो."

मी गेले नाही. तीही हलली नाही. शेवटचं घमेलं मातीचं पडेपर्यंत आम्ही दोघी खड्ड्याच्या दोन कडांना उभ्या होतो.