शेवटपर्यंत ऐकणारा एक

"आधी हे पाह्य, मंग गाना लाव."

दर रविवारी सकाळी काकाजी असं म्हणत आणि पिशवीतून धानाचं एक रोप काढून माझ्या टेबलावरच्या स्टीलच्या ग्लासात उभं करत. मुळांना चिखल तसाच. तो माइकच्या वायरीवर ओघळे आणि मी वैतागे. "काकाजी, हे रेडिओ स्टेशन आहे, वावर नाही." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "म्हनूनच तं आनलो."

स्टेशन म्हणजे अर्जुनी मोरगावातल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानामागची खोली. भिंतींना जुन्या गोधड्या, एक कॉम्प्युटर, दोन माइक. आम्ही चार-पाच हौशी लोक मिळून हा इंटरनेटवरचा रेडिओ चालवतो. पगार कुणालाच नाही, त्यामुळे रुसवेफुगवे मात्र भरपूर. काकाजी जवळच्याच खेड्यातले शेतकरी, सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून ते धुऱ्याधुऱ्यांनी, वावराच्या कडेकडेनं फिरले होते आणि बायांची गाणी कॅसेटांत भरून ठेवली होती. रोवण्याची म्हणजे भातलावणीची, निंदणाची, कापणीची. त्या कॅसेटांची पिशवी घेऊन एक दिवस ते माझ्या काउंटरसमोर येऊन उभे राहिले.

"तुमचा रेडिओ कोन्या बँडवर लागते?"

बँड नाही, मोबाईलवर लागतो, कुठंही लागतो, असं मी सांगितलं.

"राजनांदगावले लागन?"

"अमेरिकेत लागतो काकाजी."

"अमेरिका कायले पायजे? राजनांदगावचं सांग."

आणि दर रविवारी दहा ते अकरा हा तास त्यांचा झाला.

त्या तासाला एकच कायदा होता. वावरात जे चालू असेल तेच रेडिओवर वाजेल. रोपांसाठी पऱ्हे टाकले असतील तर पऱ्ह्यांची गाणी, रोवणा सुरू झाला की रोवण्याची. ग्लासातलं रोप बघून ते आधी माइकवर सांगत, "आमच्या बांधीत आज धान टोंगळ्याएवढा झाला," आणि हात स्वतःच्या गुडघ्याला लावत. नागपूर, पुणे, हैदराबादला गेलेली आमच्याकडची पोरं हे ऐकून घराची आठवण काढत. मी एकदा ऐन रोवण्यात कापणीचं एक गाणं लावलं, गोड होतं म्हणून. काकाजी उठले आणि थेट चपला घालू लागले. "पोटात पोर नाई अन् बारसं करून राहिला!" त्यांना परत खुर्चीवर बसवेपर्यंत दोन चहा गेले.

आता मी जे केलं ते सांगतो. सांगायला जड जातं, पण ते टाळून काकाजींबद्दल लिहिणं म्हणजे लबाडी होईल.

स्क्रीनच्या कोपऱ्यात किती जण ऐकत आहेत तो आकडा दिसतो. सुरुवातीला वीस-पंचवीस, मग लोक आंघोळीला जातात, बाजाराला जातात, आकडा उतरत जातो. एका रविवारी अकराला पाच मिनिटं असताना तो एकवर आला. तो एक म्हणजे आमचाच जुना मोबाईल. प्रक्षेपण मधेच बंद पडलं तर कळावं म्हणून तो बाहेरच्या काउंटरवर आम्ही कायम लावून ठेवतो. हे मला माहीत होतं. तरी थट्टेत म्हणालो, "बघा काकाजी, तुमचा एक भक्त शेवटपर्यंत बसून आहे."

काकाजी हसले नाहीत. चष्मा पुसून स्क्रीनजवळ गेले. "कोठून आयकून राहिला, ते सांगते काय हे?"

"नाही."

"मंग तेच होय," ते म्हणाले. "माही पोरगी."

तेव्हा मला राजनांदगाव समजलं. त्यांच्या मुलीनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं होतं आणि ती तिकडं छत्तीसगडात राहत होती. "माह्यासाठी मेली," असं काकाजी तेव्हा भर अंगणात म्हणाले होते. पुढं बायको वारली, राग ओसरला, पण तोंडातून गेलेला शब्द परत कसा घ्यायचा ते त्यांना कळेना. म्हणून हा रेडिओ. आपण बोलत राहायचं, ती कुठंतरी ऐकत असेल.

मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आज नको, पुढच्या रविवारी सांगू, असं करत तीन वर्षं गेली. उलट तो मोबाईल चार्जिंगला आहे ना, हे मी दर रविवारी साडेदहाला बाहेर जाऊन बघत असे. दया करतोय, असं मी स्वतःला सांगत होतो.

माघ महिन्यात ग्लासात नुसतं वाळकं धसकट असतं. तिसऱ्या वर्षी माघात त्यांनी एक कॅसेट पुढं केली. रोवण्याची.

"काकाजी, आता रोवणा?"

"आज पोरीचा वाढदिवस हाय. लाव."

त्या कॅसेटवर त्यांच्या बायकोचा आवाज होता. चिखलात वाकून गात असलेला, मधेच दम लागणारा. आणि कडव्याच्या शेवटी एक चार-पाच वर्षांची पोर ओरडते, "आई, माहा पाय फसला वं!" बाया हसतात, गाणं तुटतं, पुन्हा सुरू होतं. काकाजी खाली मान घालून ऐकत होते. गाणं संपल्यावर त्यांनी कॅसेटच्या कव्हरावर लिहिलेला नंबर मला दाखवला. मुलीचा. कुणाकुणाला विचारून मिळवलेला. माझा मोबाईल हातात घेतला आणि एकेक आकडा दाबू लागले.

अकरा वाजत आले होते. मग त्यांची नजर स्क्रीनवर गेली. एक.

मोबाईल त्यांनी टेबलावर ठेवून दिला. "राहू दे. आयकूनच तं राहिली. मधात फोन कायले?"

माझ्या तोंडून एक वाक्य निघालं असतं तर तो फोन लागला असता.

भादव्यात त्यांनी शेवटचं रोप आणलं. धान पोटरीत होता, पातीच्या आत लोंबी दडलेली. "आता निसवन," ते म्हणाले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. गोंदियाच्या दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा आवाज पार बसला होता. मी म्हटलं, "ताईंना बोलावू का?"

"बलावाचं काय त्यात? दर आयतवारी भेटतो आम्ही."

तिथंही मी बोललो नाही. मरणाऱ्या माणसाला काय सांगायचं, असं वाटलं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

त्यांच्या पुतण्यानं मुलीला कळवलं. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात आली. नाक थेट काकाजींचं.

"भाऊ, बाबा माहं नाव काढत होते काय जी?"

"तुम्हाला हा रेडिओ माहीत नव्हता?"

"कोनीच नाई सांगतलं. मी तं फोनची वाट पाहून राहिली होती. आज फोन येईन, उद्या येईन."

मी तिला सगळं सांगितलं. काउंटरवरचा मोबाईलही दाखवला. तिनं मला शिव्या द्यायला हव्या होत्या, मला बरं वाटलं असतं. तिनं फक्त तो मोबाईल हातात घेऊन पाहिला आणि हळूच जागेवर ठेवला. मग मी तिला मागच्या खोलीत काकाजींच्या खुर्चीवर बसवलं आणि ती कॅसेट लावली. "आई, माहा पाय फसला वं" आलं तशी तिनं पदर तोंडात कोंबला. जाताना तिनं एवढंच विचारलं, "कधी लागते तुमचा रेडिओ?"

त्या रविवारी काकाजींच्या बांधीतून मीच एक रोप उपटून आणलं. धान निसवला होता, लोंब्या बाहेर आल्या होत्या. ग्लासात ठेवलं, माइकवर तसं सांगितलं आणि गाणी लावली. काउंटरवरचा मोबाईल मी आधीच बंद केला होता.

अकरा वाजत आले. सात, चार, दोन. मग एक. मी शून्याची वाट बघत बसलो, पण तो एक तसाच राहिला. तेवढ्यात राजनांदगावच्या नंबरवरून निरोप आला, "आयकून राहिली, भाऊ. बंद नका करू."

मी वळून म्हणालो, "बघा काकाजी." खुर्ची रिकामी होती.