सख्ख्या भावाला नोटीस

ऑफिसात तिला सगळे हादरेबाई म्हणत. ते तिचं आडनाव नव्हतं, पण नवी माणसं तेच खरं समजून हाक मारत आणि तीही ओ देई. ती नगरपालिकेत इमारत तपासनीस होती. शहर असं, की जमीन हलल्याचं कुणाच्या पणजोबांनीही कधी सांगितलं नव्हतं. तिथे ही बाई हातोडीने खांब वाजवत, भिंती निरखत फिरायची आणि विचारायची, "भूकंप झाला तर?"

लोक म्हणायचे, "आला तर आधी तुमच्याकडेच चहाला येईल, बाई!"

हसण्याचं तिला काही वाटत नसे. नोकरीच्या सुरुवातीला मदतपथकाबरोबर तिला एका दूरच्या गावी पाठवलं होतं. तिथेही भूकंप कधी व्हायचा नाही. जो झाला तो किरकोळ, पण घरं बांधताना कुणी त्याचा विचारच केला नव्हता. तिथे तिने एक तीन मजली इमारत पाहिली, जिचा तळमजला गायब होता. दुकानासाठी खालच्या भिंती काढल्या होत्या. नुसते खांब उरले, आणि जमीन जराशी हलताच वरचे दोन मजले त्यांच्यावर बसले. वरच्या खिडकीतली कुंडी मात्र जशीच्या तशी होती. त्या दिवशी तिच्या मनाने जे घेतलं, ते घेतलंच.

पुढे बाजाररस्त्याच्या तपासणीचं काम तिच्याकडे आलं. त्या रस्त्यावर तिच्या थोरल्या भावाचं फर्निचरचं दुकान होतं. वरच्या मजल्यांवर तो, वहिनी आणि आई राहायचे. दुकान मोठं दिसावं म्हणून दादाने नुकत्याच खालच्या सगळ्या भिंती पाडून समोर काच बसवली होती. ती आत शिरली आणि दारातच थांबली. तीच इमारत, तेच उघडे खांब. फक्त इथे वर तिची आई राहत होती.

तिने नोटीस काढली.

साहेबांनी बोलावून घेतलं. "अहो, घरचं प्रकरण घरात मिटवा ना. आणि आपल्याकडे कुठे होतात भूकंप?"

"म्हणूनच काळजी, साहेब. जिथे नेहमी होतात तिथे लोक सांभाळून बांधतात."

"नोटीस मागे घ्या."

"घरचीच सोडली तर बाकी रस्त्याला कुठल्या तोंडाने सांगू? तुम्हाला रद्द करायची असेल तर करा, खाली सही मात्र तुमची असू द्या."

साहेबांनी पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. सही काही झाली नाही.

दादाचा पारा चढला. रविवारी ती आईला भेटायला गेली, तर त्याने तिला दुकानातच अडवलं. "बारके, सख्ख्या भावाला नोटीस? तुला खांद्यावर बसवून शाळेत नेलं ते यासाठी?"

"खाली भिंती नाहीत, दादा. धक्का बसला तर सगळी हालचाल या खांबांत येईल. मोडतील ते."

"एवढे जाडजूड खांब! शिकवू नकोस मला."

तिने इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात एक नवं कपाट होतं, उंच, चार बारीक पायांवर उभं. "हे हलव बरं जरा."

दादाने हात लावताच कपाट डुगडुगलं. "पाय तिरके ठोकलेत सुताराने," तो पुटपुटला.

"मग तू काय करशील?"

"मागून एक तिरपी पट्टी ठोकीन, बाजूलाही एकेक." बोलता बोलता तो थांबला. धंदा त्याचा होता, त्यामुळे न कळायला तो काही दूधखुळा नव्हता. पण हार मानेल तर दादा कसला! "कपाट म्हणजे घर नव्हे!"

"नाही. कपाटात आई राहत नाही."

जिन्यात उभ्या असलेल्या वहिनीला हसू आवरेना. तिच्यामागून आई एकेक पायरी उतरत खाली आली. तिने सगळं ऐकलं होतं. "काय लावायचं म्हणतेस, बारके?"

"लोखंडी तिरपे आधार. दोन्ही बाजूंना, मागे, आणि समोर दोन खांबांच्या मधल्या एका गाळ्यात."

"समोर पण?" दादा ओरडला. "माझी काच झाकली जाईल! मागेच लाव काय ते."

"फक्त मागे लावले तर हादऱ्यात घर भोवऱ्यासारखं गरकन फिरेल. समोर हवाच."

"गिऱ्हाईक काय लोखंड बघायला येणार?"

आईने काठी टेकली. "घर कुणाच्या नावावर आहे?"

"तुझ्या," दादा काचेकडे बघत म्हणाला.

"मग लावा. आणि तुम्हा दोघांचं भांडण झालं असेल तर वर चला, चहा निवतोय."

आधार लागले. दादा सहा महिने बहिणीशी धड बोलला नाही. समोरच्या आधाराला तो 'बहिणीचा आडमुठेपणा' म्हणायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा. पण शेजारच्या कापडवाल्याने भिंती पाडायचा घाट घातला, तेव्हा त्याच्या दुकानात जाऊन तासभर तावातावाने हुज्जत घालणारा दादाच होता. वहिनीने फोन करून ही बातमी दिली, तेव्हा हादरेबाई भर ऑफिसात एकटीच हसत बसली.

तिच्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्या शहरात भूकंप झाला नाही. रस्त्यावरच्या बऱ्याच इमारतींना आधार लागले, काहींना नाही लागले. तिला मध्येच पाण्याच्या विभागात टाकलं. तिथून ती भांडून परत आली.

निरोपाच्या दिवशी नवे साहेब भाषणात म्हणाले, "बाईंनी आयुष्यभर वाट पाहिली, पण पाहुणा काही आला नाही!" टाळ्या पडल्या, हशा झाला.

ती उठली. हार काढून खुर्चीवर ठेवला. "मी वाट पाहत नव्हते, साहेब. तो कधीच न येवो. मी खोटी ठरले तर मला आनंदच आहे. पण सरकारी दवाखान्याच्या जिन्याच्या छपरावर पाण्याची भली मोठी टाकी नुसती विटांवर टेकवून ठेवली आहे, आणि खालून दिवसभर बाळंतिणी जातात. त्या टाकीबद्दलचं माझं पत्र तुमच्या टेबलावर पडून आहे. उद्यापासून मी नोकर नाही, नागरिक आहे. सकाळी ऑफिस उघडलं की येते."

ती हार तिथेच विसरून बाहेर पडली.