घरच्या पहिल्या सामन्याची चौथी सीट

मार्चमधल्या तिसऱ्या रविवारी दुपारी, नोव्हायमधल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये चार मतं मोजली गेली. तीन मतं एका पिचरला, म्हणजे बेसबॉलमधल्या गोलंदाजाला, पडली, एक मत दुसऱ्याला. ते एक मत काकूंचं होतं.

बाहेर अंगणात बर्फ होता. टीव्हीवर फ्लोरिडातला सराव सामना आवाज बंद करून चालू होता. बेसबॉलचा मोसम सुरू व्हायला दहा-बारा दिवस उरलेले असताना आम्ही दर वर्षी असे जमतो आणि आपल्या टीमच्या पिचर्सची झडती घेतो. प्रथा जुनी आहे. आम्ही सगळे क्रिकेटवर वाढलेले, डेट्रॉइटच्या आसपास मोटारींच्या कंपन्यांत नोकऱ्या करायला आलेले. पहिल्या हिवाळ्यात बघायला क्रिकेट नव्हतं, उन्हाळ्यात बेसबॉल होतं. ते चिकटलं.

नावं लक्षात राहत नव्हती, म्हणून सुरुवातीच्या वर्षांत आम्ही पिचर्सना नाती लावली. ती पद्धत टिकली. डाव सुरू करणारे पाच पिचर असतात, एका सामन्याला एक, अशी त्यांची आळीपाळी चालते. त्यातले सर्वांत भरवशाचे ते थोरले. दुसऱ्या क्रमांकाचे मधले. तिसरे दुसऱ्या टीमकडून मोठ्या मानधनावर आणलेले, मान भरपूर आणि काम बेताचं, म्हणून जावईबापू. चौथा वयाने सगळ्यांत लहान, तो शेंडेफळ. डाव निम्म्यावर आला की जे येतात ते वाढपी. आचाऱ्यांनी स्वयंपाक चांगला करायचा आणि वाढप्यांनी तो पंगतीत सांडायचा, असं आदल्या मोसमभर चाललं होतं.

पाचवी जागा रिकामी होती. तिच्यासाठी एक डावखुरा प्रयत्न करत होता. कोपराच्या ऑपरेशनमुळे तो आधीचा पूर्ण मोसम खेळला नव्हता. त्याला अजून नातं मिळालं नव्हतं. आमच्याकडे नातं कमवावं लागतं.

त्या दुपारी बेसमेंटमध्ये सहा जण होते. मी, माझी बायको, आमची मुलगी, पुणेकर, नागपूरकर आणि काकू. पुणेकर इंजिनांच्या चाचण्या घेतात आणि प्रत्येक विषयावर शेवटचं बोलतात. नागपूरकर ब्रेक डिझाइन करतात. मुलगी इथेच जन्मली, आता शाळेत गणित शिकवते. काकू मुंबईच्या. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली आणि आदल्या शरद ऋतूत त्या निवृत्त झाल्या.

प्रश्न चौथ्या सीटचा होता. घरच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्याची चार तिकिटं आम्ही दर वर्षी एकत्र घेतो. चारही सीट शेजारी शेजारी. तीन पाळीने मिळतात. चौथी पैजेची. घरच्या पहिल्या सामन्यात डावाचा पहिला चेंडू कोण टाकणार, हे ज्याने बरोबर सांगितलं त्याची ती सीट. ज्यांची पाळी आली आहे त्यांना मत नाही. या वर्षी पाळी माझी, मुलीची आणि पुणेकरांची होती.

काकू घरच्या पहिल्या सामन्याला कधीच गेल्या नव्हत्या. तो सामना नेहमी कामाच्या दिवशी दुपारी असतो आणि लॅबमध्ये त्या दुपारच्या पाळीला असत. पुढच्या वर्षी सीटची पाळी त्यांची होती. पण त्यांचं घर विकलं गेलं होतं आणि मे महिन्यात त्या टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला, मुलाकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. हे सगळ्यांना माहीत होतं.

मी माझी सीट त्यांना देऊ केली.

"मी काय हळदीकुंकवाला आलेय?" काकू म्हणाल्या. "ओटी भरून पाठवताय ते. सीट जिंकून घेईन, नाहीतर टीव्ही आहेच."

"मग वेगळं तिकीट काढू या, काकू," माझी बायको म्हणाली. "वरच्या मजल्यावर मिळेल."

"आणि तिथे बोलू कोणाशी? पायऱ्यांशी?"

विषय संपला. मग पिचर्सची झडती सुरू झाली. थोरल्यांच्या खांद्याबद्दल पुणेकर बराच वेळ बोलले. जावईबापूंचा वेग कमी झाला आहे यावर एकमत झालं. शेंडेफळाने मिशी ठेवली होती. ती काढली तर बरं, असं माझ्या बायकोचं मत पडलं. सगळ्यांत शेवटी डावखुऱ्याचा विषय निघाला. त्याच वेळी टीव्हीवर तो चेंडू टाकत होता आणि समोरच्यांनी त्याला लागोपाठ तीनदा कुंपणापर्यंत धाडलं.

"हा पाचवा?" पुणेकर म्हणाले. "याला रिक्षा करून घरी पाठवा."

"सराव सामना आहे," काकू म्हणाल्या. "तो नवा स्लो बॉल करून बघतोय. नीट बघ ना. तो बॉल म्हणजे आपल्याकडचा दारातला पाहुणा आहे. निघतो, निघतो म्हणतो, चप्पल घालतो, आणि अर्धा तास दारातच उभा. बॅटरने दार लावून घेतलं तरी हा बाहेर बोलतोच आहे."

"काऊन काकू, एवढी माया काऊन त्याच्यावर?" नागपूरकरांनी विचारलं.

"तू वडी खा. माझं मत त्यालाच."

वड्या काकूंनीच आणल्या होत्या, कोथिंबिरीच्या. नागपूरकरांनी वडी खाल्ली आणि थोरल्यांसाठी हात वर केला. माझ्या बायकोने केला. पुणेकरांची बायको कामामुळे येऊ शकली नव्हती. तिने फोनवरून थोरलेच सांगितले. तीन विरुद्ध एक.

त्यानंतर मुलगी बोलली. ती आमच्याशी मराठीत सुरू होते आणि वाक्य जिथे अडेल तिथून इंग्रजीत जाते.

"तुम्ही सगळे थोरले का म्हणताय? Home opener ही पहिली गेम नाहीये."

तिने फोनवर वेळापत्रक उघडलं.

"मोसम बाहेर सुरू होतोय. गुरुवारी. आपल्याकडे टीम येते त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी. थोरले गुरुवारी टाकणार, मग मंगळवारी. शुक्रवारी ते टाकूच शकत नाहीत, काका. He'll be resting."

चूक स्पष्ट होती आणि ती फक्त आमच्यासारख्यांनाच करता आली असती. क्रिकेटमध्ये पहिलं षटक टाकणारा गोलंदाज प्रत्येक सामन्यात पहिलं षटक टाकतो. बेसबॉलमध्ये आज डाव सुरू करणारा पुढचे चार दिवस हात चोळत बसतो. हे आम्हाला कित्येक वर्षं माहीत होतं. पहिला सामना म्हटल्यावर मात्र डोक्यात नवा चेंडू आला आणि हात वर झाले.

"मग शुक्रवारी मधले," नागपूरकर म्हणाले. "माझं मत मधल्यांना."

"मत बदलायचं नाही," काकू म्हणाल्या.

"अरे बापा, आत्ता तर दिलं!"

"दिलं ना? मग झालं. हा नियम कोणी केला?"

नियम पुणेकरांनी केला होता, काही वर्षांपूर्वी, नागपूरकरांशी झालेल्या वादानंतर. पुणेकरांनी चहाचा कप उचलला. कोणाचंच मत बरोबर निघालं नाही तर चिठ्ठ्या टाकायच्या, हाही नियम त्यांचाच होता. तोही कायम राहिला.

डावखुरा टीममध्ये घेतला जातो की नाही, हे पुढच्या आठवड्यात ठरलं. घेतला गेला, पाचवा म्हणून. काकूंनी ग्रुपवर फक्त हसणारा चेहरा पाठवला. मोसम सुरू झाला. गुरुवारी थोरले, शनिवारी मधले, रविवारी जावईबापू, सोमवारी शेंडेफळ. मधल्या शुक्रवारी सामना नसल्यामुळे थोरल्यांचे विश्रांतीचे चार दिवस भरले आणि मंगळवारी पुन्हा तेच आले. मंगळवारी संध्याकाळी टीमने जाहीर केलं की बुधवारी, म्हणजे बाहेरच्या दौऱ्याच्या शेवटच्या सामन्यात, डावखुरा टाकेल.

म्हणजे शुक्रवारी तो टाकणार नाही. काकू हरल्या होत्या. सगळेच हरले होते.

बुधवारी संध्याकाळी चिठ्ठ्या टाकायला तेच सहा जण पुन्हा बेसमेंटमध्ये जमले. काकू वेळेवर आल्या, या वेळी खोबऱ्याच्या वड्या घेऊन. त्या नेहमीइतकंच बोलत होत्या. टीव्ही त्यांनीच लावला. ओहायोतल्या मैदानावर ताडपत्री अंथरलेली होती आणि तिच्यावर पाऊस पडत होता. काही वेळाने पंच येऊन आकाशाकडे बघून गेले आणि सामना पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. डावखुऱ्याने एकही चेंडू टाकला नव्हता.

"धुतला गेला," पुणेकर म्हणाले. "त्याची पाळी गेली. आता शुक्रवारी मधले, ताजेतवाने. टाका चिठ्ठ्या."

"Wait, काका," मुलगी म्हणाली. "त्याची पाळी जात नाही. कदाचित तोच पुढे सरकेल."

"अगं, पावसात गेलेला सामना म्हणजे गेला. दोघांना एकेक गुण, आणि पुढे चला."

"इथे गुण नसतात!"

"थांबा म्हणते तर थांबू या," माझी बायको म्हणाली.

"टाका, टाका," काकू म्हणाल्या. "उगाच माझ्यासाठी वाट बघू नका. माझीही चिठ्ठी आहेच त्यात."

चार चिठ्ठ्या स्टीलच्या वाटीत टाकल्या. मत नसलेल्याने काढायची म्हणून ती मी काढली. नागपूरकरांचं नाव निघालं.

नागपूरकरांनी दोन्ही हात वर केले आणि सोफ्याला एक फेरी मारली. बायकोला फोन केला. ऑफिसला शुक्रवारची रजा कळवली. काकूंनी त्यांच्या हातावर वडी ठेवली आणि म्हणाल्या, "तोंड गोड कर. आणि तिथे जाऊन झोपू नकोस." मग त्यांनी आपला डबा रिकामा केला, धुतला आणि पिशवीत ठेवला. कोट घालायला त्या जिन्याकडे गेल्या.

मुलगी फोनकडे बघत होती. "काकू," ती म्हणाली. "काकू, थांबा. They just posted it."

तिने वाचून दाखवलं. शुक्रवारी, घरच्या पहिल्या सामन्यात, डाव सुरू करणार डावखुरा. मधल्यांना एक दिवस जास्त विश्रांती.

पुणेकरांनी फोन मागून घेतला आणि स्वतः वाचलं. नंतर चष्मा काढून पुन्हा वाचलं. काकू एक हात कोटात, एक बाहेर, अशा जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभ्या होत्या.

"राजेहो," नागपूरकर सोफ्यावर आडवे होत म्हणाले, "पाच मिनिटं तरी बसू द्या मला त्या सीटवर."

"पाय खाली घे," काकू म्हणाल्या. "सीट माझी आहे."

सगळे हसले, नागपूरकर सर्वांत मोठ्याने. मग पुणेकरांनी नियमाचा मुद्दा काढलाच. पैज कोणाचं नाव जाहीर होतं यावर नाही, प्रत्यक्ष चेंडू कोण टाकतो यावर आहे. शुक्रवारी ऐनवेळी त्याचा हात दुखला तर सीट चिठ्ठीप्रमाणे नागपूरकरांची.

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम. शुक्रवारी ये तू पण. गेटबाहेर उभा राहा."

त्याप्रमाणे शुक्रवारी आम्ही पाच जण एका गाडीतून डेट्रॉइटला गेलो. ऊन होतं आणि वारा होता. काकूंनी जाड जॅकेट, त्याखाली स्वेटर, डोक्याला लोकरी टोपी आणि तिच्यावर टीमची टोपी घातली होती. गाडीत त्या पिचर्सबद्दल बोलल्या नाहीत. फ्रिस्कोत मुलाच्या घराला बेसमेंट नाही, तिथे कोणाच्याच घराला नसतं, एवढं त्यांनी सांगितलं. त्यावर नागपूरकर म्हणाले, "मग आम्ही मार्चमध्ये येऊन गॅरेजमध्ये बसू, वड्या तेवढ्या करा." काकू म्हणाल्या, "थोरल्यांना मत देणारे सगळे दारातूनच परत पाठवीन."

गेटपाशी नागपूरकर थांबले. रस्त्यापलीकडे टीव्ही लावलेलं एक हॉटेल होतं, तिथे ते गेले. आम्ही चौघं आत गेलो. पायऱ्या चढून वर आलो आणि मैदान दिसलं. काकू जिथे होत्या तिथेच थांबल्या. मागची माणसं बाजूने गेली.

"टीव्हीवर एवढं हिरवं दिसत नाही," त्या म्हणाल्या.

सीट तिसऱ्या बेसच्या बाजूला होत्या. काकू माझ्या आणि मुलीच्या मध्ये बसल्या. कुंपणापलीकडे डावखुरा हात मोकळा करत होता. नागपूरकरांचा मुलीला फोन आला. "टाकतोय का? खांदा धरला का त्याने? थोडा तरी धरला का?" मुलीने स्पीकर लावला.

"धरलेला नाही!" काकू ओरडल्या. "तू जेवून घे!"

पुढच्या रांगेतल्या दोन माणसांनी वळून बघितलं आणि हसून काकूंना अंगठा दाखवला. राष्ट्रगीत झालं. खेळाडू मैदानावर धावत आले. डावखुरा सगळ्यांत शेवटी, चालत आला आणि मधल्या उंचवट्यावर उभा राहिला. काकू उठून उभ्या राहिल्या. मग आमची पूर्ण रांग उभी राहिली.

"चल भाच्या," काकू म्हणाल्या.

पुणेकरांनी माझ्याकडे बघितलं. नातं ठरलं होतं.

पहिला चेंडू त्यानेच टाकला. तो स्लो बॉल होता. बॅटरने फार आधी बॅट फिरवली, चेंडू हुकला आणि पंचांनी स्ट्राइक दिला.