पाणीसरांनी दिलेला शब्द

आमच्या सरांइतका भित्रा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. प्राचार्यांचं बोलावणं आलं की ते केबिनच्या दाराबाहेर थांबायचे, खांद्यावरच्या पिशवीतून स्टीलची बाटली काढायचे, डोळे मिटून घटाघटा पाणी प्यायचे आणि मगच दार ढकलायचे. आम्ही पोरं त्यांना पाणीसर म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. "हसा लेकरांनो, हसा," ते म्हणायचे, "भेव वाटलं की घसा सुकतो. सुकल्या घशानं मोठ्या माणसाशी बोललं की तो आपल्याला खोटं समजतो."

सर भूगर्भशास्त्र शिकवायचे, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास, तितकं मानधन. वर्गात पुरेशी मुलं नसली की तुकडी बंद, आणि तुकडीबरोबर सरही बंद. म्हणून भर मे महिन्यात डोक्याला रुमाल बांधून ते गावोगाव मुलं गोळा करत फिरायचे. आमच्या पिशोरला आले तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, पिठाच्या गिरणीत होते आणि गिरणीच्या पायरीवर आमचं कुत्रं पसरलं होतं. सर रस्त्याच्या पलीकडे उभे राहून पाणीच पीत राहिले. कोण हा तहानलेला माणूस म्हणून शेवटी दादाच बाहेर आले आणि त्यांनी कुत्र्याला हाकललं.

दादांनी एवढंच विचारलं, "फीचं काय?"

"स्कॉलरशिप मिळंल."

"आन् नाय मिळाली तर?"

सरांचा चेहरा पिठासारखा झाला. तरी म्हणाले, "मिळंल. माझा शब्द हाय."

"मग न्या. पन ज्या दिवशी स्कॉलरशिप तुटंल, त्या दिवशी पोरगी परत. कन्नडचं स्थळ येऊनच बसलंय." दाराआड उभी राहून मी हे ऐकत होते. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या घाबरट माणसाच्या शब्दावर टांगलं गेलं, आणि मला तर कॉलेज म्हणजे काय तेही नीट ठाऊक नव्हतं.

शहरात मी पुंडलिकनगरला मामाकडे राहू लागले. सरांची दुसरी सवय मला तिथे कळली. शिकवता शिकवता ते जिन्याकडे बघायचे. बेसॉल्टचे थर सांगताहेत आणि डोळे दाराबाहेर! कोणी उशिरा धापा टाकत आलं तर रागवायचं सोडून असे खूश व्हायचे, जणू पाहुणाच आलाय. फार्मसी-इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा नवा राऊंड लागला की मात्र ते हजेरी दोनदा घ्यायचे. प्रत्येक राऊंड आमच्यातलं कोणी ना कोणी उचलून न्यायचा. जाणाऱ्यावर ते कधी चिडले नाहीत. "तिथं स्कॉलरशिप लागू हाय का, इचारलं का?" एवढंच विचारायचे.

आणि एका राऊंडला माझंच नाव लागलं. फॉर्म मामानेच भरला होता. त्याचंही खरं होतं. आमची तुकडी आज ना उद्या बंद पडणार हे सगळ्यांना दिसत होतं. मग मधेच कोर्स बदलावा लागला असता आणि स्कॉलरशिप तुटली असती. फार्मसीला ती शेवटपर्यंत मिळाली असती. पण आमचा मामा म्हणजे लगीनघाईचा माणूस. त्याने आधी जागा पक्की केली आणि मग स्कॉलरशिपची चौकशी केली. तिथल्या क्लार्कने सांगितलं, "हिचा अर्ज जुन्या कॉलेजच्या नावावर अडकलाय. त्यांनी तो परत पाठवल्याशिवाय इथून भरता येत नाही. उद्या शेवटची तारीख आहे. नाहीतर पूर्ण फी भरा."

मी इथलीही नव्हते आणि तिथलीही. मामीने वाढलेली भाकरी ताटात तशीच राहिली. डोळ्यांसमोर कन्नडचं स्थळ. दादा मारणारे नव्हते, ओरडणारेही नव्हते. ते फक्त येऊन माझी बॅग उचलणार होते, आणि मला त्याचीच भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना सांगताना मला रडूच फुटलं. मी गेले की तुकडीत पुरेशी मुलं उरत नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. सर खुर्चीवर बसले. मग उठले आणि म्हणाले, "चल."

केबिनसमोर मी सवयीने थांबले. सर थांबले नाहीत. पिशवीला हातही न लावता त्यांनी दार ढकललं. दार अर्धवटच लागलं, त्यामुळे बाहेर सगळं ऐकू येत होतं.

प्राचार्य वाईट नव्हते. थकल्या आवाजात म्हणाले, "आज अर्ज सोडला तर तुकडी गेली, सर. आणि तुमचे तासही गेले. एवढी तारीख जाऊ द्या. पोरगी आपोआप थांबेल."

मग सरांचा कोरडा, फाटका आवाज आला. "ती थांबणार नाय, सर. ती गावी जाईल. तिच्या बापाला मी शब्द दिलाय. मला लई भेव वाटतंय, पन तुम्ही अर्ज सोडा."

सर बाहेर आले तेव्हा घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. "पळ," म्हणाले, "तिकडचं ऑफिस बंद व्हायच्या आत पोच." मी पळाले. आभार मानायचेही राहिले.

पुढच्या जूनमध्ये तुकडी बंद झाली. मी पास झाल्याचे पेढे घेऊन गेले तर त्या खोलीत जुन्या बाकांचा ढीग होता. सर कुठे गेले ते कोणालाच नीट सांगता येईना.

आता पडेगावला, दौलताबाद रोडवर, माझं औषधांचं दुकान आहे. मागच्या उन्हाळ्यात काउंटरवरून सहज बाहेर पाहिलं, तर रस्त्याच्या पलीकडे एक पांढऱ्या केसांचा माणूस डोळे मिटून स्टीलच्या बाटलीतून पाणी पीत होता. सरच होते ते. इथे ना केबिन होती ना कुत्रं. मग सर कशाला घाबरले होते?

रस्ता ओलांडून ते आले. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची चिठ्ठी हातातच राहिली. माझ्याकडे न बघता, काउंटरच्या काचेकडे बघत त्यांनी विचारलं, "पोरी, तुझी स्कॉलरशिप… आली व्हती ना?"

"आली होती, सर. शेवटपर्यंत आली."

"व्हय?" म्हणाले, आणि इतक्या वर्षांचा श्वास सोडून समोरच्या स्टुलावर खाली बसले.