धंद्याचा रकाना

सोमवार, आठ तारीख. मंजूर झालाच तर तीन महिन्यांचा बेकारी भत्ता एकतीस हजार पाचशे. हजर: मी, पत्नी आणि कोर्टाबाहेर बसणारे टायपिस्ट काका. नोकरी गेल्याचे प्रतिज्ञापत्र जोडल्याशिवाय भत्त्याचा अर्ज घेत नाहीत.

काकांनी नाव, वय विचारले आणि पुढे सवयीने ‘धंदा: नोकरी’ असे टाइप केले.

“अहो, ती गेली म्हणूनच आलोय.”

“मग काय घालू? रकाना मोकळा दिसला की साहेब परत पाठवतात.”

त्यांची बोटे टाइपरायटरवर थांबली. मुलीच्या शाळेच्या अर्जापासून बँकेच्या अर्जापर्यंत बावीस वर्षे हा रकाना मी विचार न करता भरला. माणूस काय करतो, हे इतके सहज सांगता येते ते फक्त पगार चालू असताना. दुपारी दोनला मुलाखत होती; तिथेही हेच विचारणार.

“बेकार लिहा,” मी म्हणालो.

“बेकार कशाला?” पत्नी म्हणाली. “सकाळपासून रात्रीपर्यंत अर्ज करत असता. काका, ‘नोकरी शोधणे’ लिहा.”

“या धंद्यात रविवारची सुट्टी नसते हं, वहिनी,” काका हसले, पण तसेच लिहिले.

मी दोनदा वाचले. खोटे काही नव्हते. सही केली.

टायपिंगचे शंभर झाले. काका वीस सोडायला निघाले होते. मी सोडू दिले नाहीत. पुरे शंभर त्यांच्या हातात दिले.