मुसकं न लागणारा मासा

झुलालनाना माझे मामा. धुळ्यापासून पारोळ्यापर्यंतच्या गुरांच्या बाजारांत ‘जोडीवाले नाना’ म्हटलं की कुणीही त्यांच्याकडे बोट दाखवी. बैलांची दलाली त्यांनी हयातभर केली. एका गावचा बैल दुसऱ्या गावच्या बैलाशेजारी उभा करायचा, उंची, रंग, शिंगं, चाल सगळं ताडायचं आणि जोडी लावून द्यायची. नानांनी जुळवलेली जोडी कधी फुटली नाही असं बोललं जाई. ते नाना स्वतःच बोलत, त्यामुळे खोटं कोण म्हणणार?

अशा माणसाच्या घरी चौऱ्याण्णव साली समुद्र आला. मामेभाऊ जीवराम मुंबईत एका बोटीवरच्या इंजिनीअरकडे गाडी चालवायचा. साहेब कुटुंबासकट परदेशी गेले आणि जाताना खाऱ्या पाण्याची भली मोठी काचेची टाकी जीवरामच्या गळ्यात मारून गेले. मासे आधीच वाटून झाले होते. उरले होते फक्त खडक आणि त्यांना चिकटलेलं जिवंत प्रवाळ: गुलाबी, हिरवं, पाण्यात हळूहळू हलणारं. जीवरामनं ते सगळं आमच्या ओळखीच्या लोटनच्या ट्रकात घालून धुळ्याला धाडलं. लोटन मुंबईला मिरची न्यायचा आणि येताना कोळ्यांनी खोल समुद्रातून भरून आणलेल्या पाण्याचे कॅन घेऊन यायचा.

टाकी एवढी मोठी की बैठकीशिवाय जागा नव्हती. आणि इथूनच गोष्ट बदलली. माझी मामी, मंजुळाबाई, लग्न होऊन आल्यापासून बैठकीत बसली नव्हती. चहाचा ट्रे दारातून आत द्यायचा, कप गोळा करायचे, एवढाच तिचा बैठकीशी संबंध. पण त्या प्रवाळाची निगा राखायची कुणी? नानांना बैलाचं शेण काढणं जमेल, काच पुसणं नाही. मामीनं खुर्ची ओढली ती टाकीशेजारीच. धुळ्याच्या उन्हाळ्यात पाणी भराभर उडून जाई, मीठ मात्र मागं राही. तेव्हा वरून गोडंच पाणी घालायचं, खारं नाही, हे जीवरामनं एकदा फोनवर सांगितलं आणि तिनं कायमचं डोक्यात ठेवलं. वीज गेली की पंप बंद पडे. मग पाण्यात हवा खेळावी म्हणून ती तांब्यानं टाकीतलंच पाणी घेऊन वरून धार सोडत बसे. कूलरचं तोंड टाकीकडं वळलं. नाना गच्चीवर झोपायला गेले आणि वर कुरकुरले.

फुलं, म्हणजे तिच्या भाषेत फुलंच ती, अशी तरारली की बघत राहावं. पण बैठकीत येणारे सगळे बाजारातले. ते काचेला नाक लावत आणि विचारत, ‘‘नाना, मासा कोठे शे?’’

नानांना ते फार लागे. एक दिवस ते म्हणालेच, ‘‘हाऊ गोठा शे, पन बैल नई. मासा तरी आनसू, नई ते टाकी इकी टाकसू!’’

मामीचा चेहरा उतरला. टाकी विकली की खुर्ची स्वयंपाकघरात परत, हे मला कळलं, तिलाही कळलं. नानांना कळलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, ‘‘आना मासा. पन मना फुलेसले तोंड लावनारा नको.’’

म्हणून आम्ही तिघं मुंबईला गेलो. नानांचं म्हणणं, जनावर घेताना ते ज्याच्या गोठ्यात जायचं त्यानं सोबत असावं. मामीला ट्रकात लोटनशेजारची जागा मिळाली, मी आणि नाना मागच्या बाकड्यावर आदळत गेलो.

दुकानात शिरताच नानांचं मन एका पिवळ्या माशावर बसलं. ताटासारखा चपटा, अंगावर काळे पट्टे, पुढं लांब टोकदार तोंड. नाना म्हणाले, ‘‘काय रुबाब शे!’’ दुकानदार गृहस्थ सज्जन होता. तो म्हणाला, ‘‘काका, सुंदर आहे, पण ते तोंड प्रवाळ टिपायलाच दिलंय देवानं. पंधरा दिवसांत खडक साफ करील.’’

मग निळ्या-पिवळ्या रेघांचा एक मोठा मासा दाखवला. हा तर राजाच. दुकानदार म्हणाला, ‘‘हा सहसा खात नाही, पण एखादवेळी तोंड मारतो.’’

यावर नाना हसले. कोळपणीला उभ्या पिकात बैल घालायचा तर त्याच्या तोंडाला मुसकं बांधतात, नाहीतर तो चालता चालता पीक ओरबाडतो. मुसकं न लागणारा बैल लाखात एखादा. ‘‘एखादवेळी तोंड मारनारा रोज मारस,’’ नाना म्हणाले. ‘‘आते याले मुसकं कसं बांधानं?’’

मामी तेवढ्यात पुढच्या काचेशी उभी राहिली होती. आत आभाळाच्या रंगाचा मासा फिरत होता. काळं तोंड, पाठीवर पिवळा पर, इवलंसं तोंड सारखं दगडावर चालवत होता. तिनं विचारलं, ‘‘हा काय खातो हो?’’

‘‘शेवाळ. दिवसभर चरत असतो. फुलांना शिवत नाही. पावडर ब्लू टँग म्हणतात.’’

‘‘चरतो?’’ नानांचे डोळे चमकले. चरणारं जनावर म्हणजे आपल्यातलं! त्यांनी खांद्यावरचं उपरणं झटकन दुकानदाराच्या हातावर टाकलं आणि गुरांच्या बाजारातल्या रीतीनं, कुणाला दिसू नये म्हणून, खालून बोटं दाबून भाव सांगायला लागले. बिचारा दचकून हात सोडवू लागला. मामी तोंडाला पदर लावून हसली.

इथवर सगळं नीट होतं. पण शेजारच्या टाकीत तसाच दुसरा मासा होता. तीच उंची, तोच रंग. नानांना आता कोण आवरणार?

‘‘एकच न्या काका,’’ दुकानदार काकुळतीनं म्हणाला. ‘‘सारख्या मापाचे दोन एकत्र नांदत नाहीत. दुसरा दिसला की चरण्याच्या जागेवरून जुंपते.’’

‘‘मला जोडी शिकवता?’’ नाना म्हणाले, आणि दोन्ही मासे थर्माकोलच्या खोक्यात बसून धुळ्याला आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीची हाक ऐकून मी धावलो. टाकीत रणकंदन चाललं होतं. या माशांच्या शेपटीपाशी वस्तऱ्यासारखं पातं असतं. एकाचा पर फाटून लोंबत होता, दुसरा त्याला कोपऱ्यात दाबून मारत होता. धक्क्यानं एक खडक लवंडला होता, सगळीकडं वाळू उडाली होती आणि मामीची फुलं मुठीसारखी मिटली होती. मामीनं स्वयंपाकघरातून भाजी धुवायची प्लॅस्टिकची जाळीदार टोपली आणली, हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि मारणाऱ्या माशावर टोपली उपडी केली. शेवटी मुसकं लागलंच.

ती खुर्चीवर बसली आणि रडली. आवाज न करता, ओल्या हातांनी. मला नानांचा असा राग आला होता की बोललो असतो तर मामा-भाच्याचं नातं राहिलं नसतं.

नाना मिटलेल्या फुलांकडं बघत राहिले, मग रडणाऱ्या बायकोकडं. म्हणाले, ‘‘जोडी फोडनी पडी. कोनता ठेवू? तू सांग.’’

जनावराच्या बाबतीत नानांनी दुसऱ्याला विचारलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. मामीनं पदरानं डोळे पुसले. ‘‘मार खादा तो ऱ्हाऊ द्या. मारका धाडी द्या.’’

बाजाराचा नियम याच्या अगदी उलटा, हरलेलं जनावर कुणी ठेवत नाही. पण नाना ‘बरं’ म्हणाले आणि पुढच्या खेपेला लोटन मारक्याला दुकानात परत देऊन आला.

फुलं उघडायला आठवडा लागला. आधी एक गुलाबी, मग हिरवी. फाटका पर भरून आला, फक्त कडेला एक खाच राहिली. मासा सकाळपासून दगड चरत फिरे आणि मामी खुर्चीवर आली की काचेपाशी येऊन थांबे. टाकी विकण्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

पोळ्याच्या आसपास बन्सीलाल व्यापारी आला. बैठक भरलेली होती. काचेशी वाकून तो म्हणाला, ‘‘काय मासा शे नाना! पन एकलाच? तुमना घर आनि जोडी नई?’’

सगळे हसले. मामी उठून आत जायला निघाली, जुनी सवय. नानांनी हात आडवा करून तिला थांबवलं आणि खुर्चीवर परत बसवलं.

‘‘शे ना जोडी,’’ ते म्हणाले. ‘‘ती देख, खुर्चीवर बठेल शे. आनि आज चहा मी आनस.’’

आणि नाना खरोखरच उठून आत गेले. चहा अगदी गुळमट झाला होता. आम्ही सगळ्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.