धोंड्यापाशी बसलेली दैवशाला

सोनपेठच्या पलीकडे एका गावाबाहेर मोठा माळ आहे. मुरूम, कुसळं आणि मधोमध पुरुषभर उंचीचा उभा धोंडा, एवढीच त्याची इस्टेट. झाड म्हणाल तर औषधालाही नाही. ऊसतोडीच्या टोळ्या दर साली इथूनच ट्रकात बसतात, म्हणून धोंडा साऱ्यांना ठाऊक. पण मे महिन्यात तिथं कुत्रंही फिरकत नाही. अशा जागी दैवशाला सकाळपासून बसली होती. ऊन डोक्यावर आलं तरी आणखी किती बसावं, हे तिला ठरवता येत नव्हतं.

तिचा नवरा वैजीनाथ पहाटे घरातून निघून गेला होता. गेल्या काही सालांत त्याला विसर पडत चालला होता. आधी माणसांची नावं गेली, मग वाटा गेल्या. हल्ली तो रोज उठून कोयता मागायचा. "धोंड्यापाशी गाडी यायलीय, मुकादम शिव्या दील," म्हणायचा. त्यामुळं तो नाहीसा होताच गाव विहिरी बघायला धावलं आणि दैवशाला सडकेनं थेट धोंड्याकडं आली. येईल तर इथंच येईल. आणि आला तेव्हा आपण नसलो तर? या 'तर'नं तिला जागेवर खिळवून टाकलं.

दुपारी तिचा धाकटा दीर बन्सीधर पाण्याची बाटली घेऊन मोटारसायकलवर आला.

"वैनी, चला. दादा न्हाई हितं. किती येळ बसताव?"

"थोडं थांबते, भाऊजी."

"थोडं म्हंजी किती? तुमालाबी ऊन लागलं तर आमी कुणाकुणाला उचलावं?"

बोलणं तिरकं, पण माणूस वाईट नव्हता. भावापायी तोही रडकुंडीला आला होता. दैवशालानं बसावं तर नवरा कुठंतरी तडफडत असेल, उठावं तर तो येऊन रिकामा धोंडा बघेल. इकडं आड, तिकडं विहीर.

लग्नानंतरच्या पहिल्याच तोडीला ती परमुलखात उसाच्या फडातून वाट चुकली होती. घाबरून चालत सुटली, आणि जितकी चालली तितकी लांब गेली. सापडल्यावर वैजीनाथनं आधी शिव्या दिल्या, मग स्वतःच रडला आणि कायदा करून टाकला. चुकलेल्यानं जागचं हलायचं नाही. खाली बसायचं. परक्यानं कितीही बोलावलं तरी उठायचं नाही, आपलं माणूस हुडकत येतं. टोळीतल्या बायका हसायच्या, पण दोघांनी तो कायदा उभी हयात पाळला.

हे आठवलं आणि ती ताडकन उभी राहिली. चुकला होता तो. म्हणजे तो चालतच नव्हता. तो कुठंतरी बसला होता, आणि हुडकणारीच इथं फतकल मारून बसली होती.

"भाऊजी, माझं चुकलं," ती म्हणाली आणि त्याच्या हातातली बाटली घेऊन गावाकडून येणाऱ्या जुन्या पायवाटेनं ओढ्याकडं धावली.

ओढा कोरडा ठणठणीत होता. धोंड्यापासून हाकेच्या अंतरावर, उताराआड, वैजीनाथ तापल्या वाळूत मांडी घालून बसला होता. ओठ फाटले होते. सकाळपासून तिनं एकदा मोठ्यानं हाक मारली असती तरी त्याला ऐकू गेली असती. पण उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव न घेतलेल्या बाईला ते सुचलंच नव्हतं.

तिनं बाटली त्याच्या तोंडाला लावली. तो पाणी प्याला, पण उठेना.

"उठा, घरी चला."

"न्हाई. बायको यायलीय मला हुडकत."

"मीच हाय की ती. दैवशाला."

त्यानं तिला नीट निरखून पाहिलं. "तसं कुणीबी म्हनंल," तो म्हणाला. "ती लय घाबरट हाय. मी जागेवर दिसलो न्हाई तर रडंल."

मागून आलेल्या बन्सीधरनं दंडाला धरलं, तर त्यानं ओरबाडलं. ओढाताण करावी तर तिथंच जीव जाईल, अशी त्याची हालत. बन्सीधर जीप आणि माणसं आणायला पळाला.

दैवशालाला वाटलं, गळा काढून रडावं. पण रडायला अंगात पाणी तरी कुठं राहिलं होतं? ती उन्हाच्या बाजूला बसली आणि पदर पसरून त्याच्या डोक्यावर धरला.

"बाई, तू जा आता," वैजीनाथ म्हणाला. "तुझं माणूस वाट बघत आसंल."